बदाम चालतो, तूरडाळ चालत नाही: पॅलिओ आहारात ‘नैसर्गिक’ म्हणजे नेमकं काय?

रानटी बदाम कडू असतो आणि तो कडूपणा नुसता चवीपुरता नसतो. त्यात अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं. बी चावली की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं, आणि असे मूठभर बदाम खाणं जिवावर बेतू शकतं. दुकानातला गोड बदाम निसर्गात आपोआप मुबलक मिळत नव्हता. एका जनुकातल्या बारीकशा बदलामुळे एखाद्या झाडाचे बदाम कडू होईनात, माणसाने ती झाडं हेरली, त्यांच्याच बिया पुन्हा पुन्हा लावल्या आणि हजारो वर्षांत गोड बदामाच्या बागा उभ्या राहिल्या. तो नेमका जनुकीय बदल कोणता, हे २०१९ साली संशोधकांनी शोधून काढलं.

म्हणजे बदाम हे शेतीचं अपत्य आहे, अगदी तुरीसारखंच. तरीही पॅलिओ आहारात बदाम ‘निसर्गाने दिलेला’ म्हणून चालतो आणि तूरडाळ ‘शेतीनंतर आलेली’ म्हणून बाद होते. या एका विसंगतीचा धागा ओढला की पॅलिओभोवतीचा बराचसा वाद उलगडत जातो.

आधी नियम बघू. पॅलिओ म्हणजे पॅलिओलिथिक, आपल्या भाषेत पुराश्मयुग: दगडाची पहिली हत्यारं घडली तेव्हापासून सुमारे १२ हजार वर्षांपूर्वीपर्यंतचा, पंचवीस लाखांहून जास्त वर्षांचा काळ. त्या काळातल्या माणसासारखं खावं ही कल्पना १९७५ साली वॉल्टर व्होग्टलिन या अमेरिकन पोटविकारतज्ज्ञाने मांडली. तिला वैद्यकीय जगात वजन मिळालं ते १९८५ साली, बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांच्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या लेखामुळे. २००२ च्या सुमारास लोरेन कॉर्डेन यांनी ती घराघरांत पोचवली. चालतं काय, तर मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, कंद, बदाम-अक्रोडासारखा सुका मेवा. चालत नाही काय, तर सगळी धान्यं, सगळी कडधान्यं (शेंगदाणेसुद्धा), दूध आणि दुधाचे पदार्थ, साखर, वरून घातलेलं मीठ, रिफाइंड तेलं आणि कारखान्यात बनलेले पदार्थ. बटाट्यावरून पॅलिओवाल्यांमध्येच दोन तट आहेत.

यामागचं तर्कशास्त्र ऐकायला पक्कं वाटतं. शेती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांची, म्हणजे चारशे-पाचशे पिढ्यांची. एवढ्यात शरीर बदलत नाही. म्हणून शरीराला जे लाखो वर्षं मिळत होतं तेच द्यावं. या तर्काला तीन प्रश्न विचारायला हवेत. तेव्हा खरंच काय खात होते? ते आज बाजारात मिळतं का? आणि ‘नैसर्गिक’ असणं ही अन्नाची योग्य कसोटी आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दातांवरच्या किटणात सापडलं. इराकमधल्या शानिदार गुहेतल्या निअँडरथल (आपल्या नामशेष झालेल्या भाऊबंद) माणसाच्या दातांवर, सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीच्या कडक थरात, पिष्टाचे सूक्ष्म कण अडकून राहिले होते. त्यात जवाच्या भाऊबंदांचे कण होते, शेंगवर्गीय वनस्पतींचेही होते आणि काही कणांवर शिजवल्याच्या खुणा होत्या. इस्राएलमध्ये गॅलिली सरोवराकाठी ओहालो या जागी २३ हजार वर्षांपूर्वीचा एक सपाट दगड मिळाला. त्यावर रानटी जव आणि इतर गवतांच्या बिया वाटल्याचे अवशेष होते, म्हणजे तो त्या काळचा पाटाच. जॉर्डनमध्ये शुबायका इथल्या चुलीत जळालेले पाव-भाकरीसारखे तुकडे मिळाले, ते सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचे. तिथे शेती त्यानंतर चारेक हजार वर्षांनी आली. आधी भाकरी, मग शेत, असा हा क्रम आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या बॉर्डर केव्हमध्ये तर पावणेदोन लाख वर्षांच्या घरात जाणारे, भाजलेल्या पिष्टमय कंदांचे अवशेष आहेत.

शिवाय ‘पुराश्मयुगीन आहार’ असा एकच आहार कधी नव्हता. आजही शिकार करून आणि गोळा करून खाणाऱ्या समाजांकडे पाहा. आर्क्टिकमधले इन्युइट परंपरेने जवळजवळ सगळं मांस-मासळी-चरबीवर जगले. टांझानियाचे हाडझा कंद, बोरांसारखी फळं, गोरखचिंचेचा गर, मांस आणि भरपूर मध खातात. वर्षभराचा हिशेब काढला तर मधातून त्यांना जवळपास १५ टक्के ऊर्जा मिळते. कलहारीतले सान लोक मरामा नावाची शेंगवर्गीय बी भाजून खातात. ऑस्ट्रेलियाचे आदिवासी बाभळीच्या कुळातल्या झाडांच्या बिया दळून खात आले. जिथे जे मिळालं, ते खाण्याजोगं करून खाल्लं. कडधान्य वर्ज्य असल्याची पाटी कुठेच नव्हती.

इथे पॅलिओच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मान्य केला पाहिजे. शेती आल्यावर बऱ्याच ठिकाणी माणसाची तब्येत ढासळली. सांगाड्यांची उंची घटली, दात किडले, रक्तक्षयाच्या खुणा वाढल्या. पण तिथे धान्य विषारी ठरलं असं झालं नव्हतं. ताटातले वीस-तीस पदार्थ जाऊन एक-दोनच उरले, वस्ती दाटीची झाली, गुरांबरोबर रोग घरात आले. दात तर शेतीआधीही किडत होते. मोरोक्कोतल्या ताफोराल्त गुहेत १५ हजार वर्षांपूर्वी राहणारे लोक ओकच्या गोडसर फळांवर जगत होते, आणि त्यांचे निम्म्याहून जास्त दात किडलेले आढळले. चिकट पिष्ट दाताला चिकटून राहिलं की दात किडतो, ते रानातलं असो वा शेतातलं.

‘शरीर बदलत नाही’ हेही अर्धंच खरं. बाळपणानंतर दूध पचवण्याची क्षमता टिकवणारे जनुकीय बदल गेल्या दहा हजार वर्षांत पसरले, आणि युरोप, आफ्रिका, अरबस्तान इथे ते वेगवेगळे उपजले. लाळेतलं पिष्ट फोडणारं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती माणसात चिंपांझीपेक्षा जास्त असतात, आणि ज्या समाजांचं खाणं पिष्टाचं त्यांच्यात आणखी जास्त. ज्यांना दूध पचत नाही त्यांनी ते टाळावं हे बरोबर. पण दही-ताकात विरजणातले जिवाणू दुधातली काही साखर (लॅक्टोज) आधीच फोडून टाकतात, म्हणून दुधाने पोट फुगणाऱ्या कित्येकांना वाटीभर दही बाधत नाही.

आता दुसरा प्रश्न: ते अन्न आज मिळतं का? बाजारात उभं राहून बघितलं तर जवळजवळ काहीच नाही. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल आणि केल या पाचही भाज्या एकाच वनस्पतीच्या जाती आहेत. युरोपच्या किनाऱ्यावरचं पानांचं एक कडवट झुडूप, त्याचं कुठे पान वाढवलं, कुठे फुलाचा गड्डा केला, कुठे खोड फुगवलं. पिवळ्या केळ्यात बी नसते, कारण ते तीन गुणसूत्र-संचांचं वांझ झाड आहे. माणसाने मुनवे लावले नाहीत तर ते संपेल. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात उगवणारी कवदर ज्यांनी पाहिली असेल, त्यांना केळीच्या रानटी कुळातलं फळ कसं असतं ते ठाऊक आहे: टणक काळ्या बियाच बिया, गर नावापुरता. गावठी कोंबडीची पूर्वज असलेली रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, पोल्ट्रीतली तीनशेच्या आसपास. रानातल्या हरणाच्या मांसात चरबी दोन-चार टक्के असते, बांधून खुराक घातलेल्या जनावरात तिच्या कितीतरी पट.

हापूसचंच घ्या. फळ म्हणून पॅलिओत त्याला मज्जाव नाही. पण हापूस हे पोर्तुगीज काळात गोव्यात रुजलेल्या कलम करण्याच्या कलेचं फळ आहे. कोय लावली तर हापूस येईल याची खात्री नसते, आणि देवगडची प्रत्येक बाग कलमांवर उभी आहे. काजूही पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणला. त्याच्या टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं, म्हणून बिया भाजल्या किंवा वाफवल्याशिवाय फोडतच नाहीत. इतकं सगळं करून मिळणारा काजूगर ‘नैसर्गिक’, आणि उन्हात वाळवून जात्यावर भरडलेली तूर ‘प्रक्रिया केलेली’, ही विभागणी टिकणारी नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. पॅलिओचे लोक सांगतात की धान्या-कडधान्यांत ‘अँटिन्यूट्रिअंट’, म्हणजे पोषणात अडथळा आणणारी द्रव्यं असतात, मुख्यतः लेक्टिन नावाची प्रथिनं आणि फायटिक आम्ल. हे खरं आहे. पण त्यावरचा उपाय अन्न टाकून देणं हा नसून ते नीट शिजवणं हा आहे, आणि तो आपल्या स्वयंपाकघरात रोज चालू असतो.

राजम्याचं उदाहरण नीट समजून घेण्याजोगं आहे, कारण इथे चूक खरोखर अंगाशी येते. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन इतकं असतं की चार-पाच कच्चे दाणेसुद्धा तीन तासांच्या आत उलट्या-जुलाब आणू शकतात. ते घालवायचं तर राजमा किमान पाच तास भिजवायचा (रात्रभर उत्तम), ते पाणी फेकायचं, ताजं पाणी घालायचं आणि पूर्ण उकळीवर अर्धा तास शिजवायचा. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे तिथे काम सहज होतं. धोका आहे तो मंद आचेवर तासन् तास शिजवणाऱ्या स्लो कुकरचा. त्यात आतलं तापमान ७५-८० अंशांवर रेंगाळतं, दाणा मऊ होतो पण लेक्टिन मोडत नाही, उलट विषारीपणा कच्च्या दाण्यापेक्षा वाढल्याचं आढळलं आहे. दाणा बोटाने चिरडला म्हणजे शिजला, ही नेहमीची खूण इथे फसवते. मूग, मसूर, तूर यांत हे लेक्टिन फारच कमी असतं आणि ती तशीही पूर्ण शिजवूनच खाल्ली जातात.

फायटिक आम्ल लोह, जस्त, कॅल्शियम यांना धरून ठेवतं आणि आतड्यात शोषू देत नाही. भिजवणं, मोड आणणं आणि आंबवणं या तीन गोष्टींनी दाण्यातलं फायटेज नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं आणि हे आम्ल फोडतं. मटकीला मोड आणणं, इडलीचं पीठ आंबवणं, नाचणीचं पीठ रात्री भिजत घालणं, हे सगळं तेच रसायन. वर लिंबू पिळलं की क जीवनसत्त्वामुळे लोह आणखी चांगलं शोषलं जातं. आणि जी गोष्ट पॅलिओच्या बाजूने क्वचितच सांगितली जाते ती ही: बदाम-अक्रोडातही फायटिक आम्ल भरपूर असतं, बऱ्याच धान्यांइतकं, कधी जास्तच. तोच निकष लावायचा तर आधी बदाम बाद व्हायला हवा.

खरी रानातली भाजी खाणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. अळूत आणि शेवळं या पावसाळी रानभाजीत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कण्या असतात, त्या घशात टोचतात. म्हणून अळू चिरताना हाताला तेल, शिजवताना चिंचेचा कोळ. म्हणून शेवळ्यांबरोबर काकडं नावाची आंबट रानफळं. कडू करांद्याची तर पूर्ण कृतीच आहे: कंद सोलून पातळ चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकळायच्या, मग टोपलीत घालून वाहत्या ओढ्यात रात्रभर ठेवायच्या, म्हणजे कडू विषारी द्रव्य धुऊन जातं. सह्याद्रीतले आदिवासी हे पिढ्यान्‌पिढ्या करतात. घाई केली तर घसा जळतो, उलट्या होतात. रानातून आणलेलं अन्न जितकं जास्त ‘नैसर्गिक’, तितकी त्यावर प्रक्रिया जास्त.

नांगराशिवायचं अन्न ही कल्पनाही आपल्याला परकी नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून परसातलं, रानातलं, हाताने लावलेलं तेवढं एकत्र करून ऋषीची भाजी होते. पण तो वर्षातला एक दिवस आहे, आणि त्याच्याकडून कोणी रक्तदाब उतरवण्याची अपेक्षा करत नाही.

मग पॅलिओने फायदा होतो हे खोटं का? नाही, होतो, आणि तो का होतो हे पाहण्यासारखं आहे. स्वीडनमध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या ७० स्थूल स्त्रियांवर दोन वर्षांचा प्रयोग झाला. एका गटाला पॅलिओ, दुसऱ्याला तिथल्या सरकारी शिफारशींचा आहार. सहा महिन्यांनी पॅलिओ गटाची चरबी जास्त घटली होती. दोन वर्षांनी चरबीतला तो फरक उरला नाही, रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी मात्र पॅलिओ गटात कमी राहिली. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली: पॅलिओ गटाच्या लघवीतलं आयोडीन घटलं, कारण आयोडीनयुक्त मीठ आणि दूध दोन्ही बंद झालं होतं.

सुरुवातीला वजन भराभर उतरतं त्याचं एक साधं कारण पाणी आहे. यकृत आणि स्नायूंत चारेकशे ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) साठलेलं असतं आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी. पोळी-भात एकदम थांबला की हा साठा उतरतो आणि काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतात. भात सुरू केला की ते परत येतात. यात कोणाची इच्छाशक्ती कमी पडलेली नसते.

उरलेला फायदा कुठून येतो हे अमेरिकेत केव्हिन हॉल यांच्या २०१९ च्या प्रयोगाने फार स्पष्ट दाखवलं. २० माणसांना रुग्णालयात ठेवलं, दोन आठवडे कारखानी बनावटीचं अन्न, दोन आठवडे साधं घरगुती धर्तीचं. समोर ठेवलेल्या अन्नातली ऊर्जा, साखर, चरबी, तंतू सारखे, आणि हवं तेवढं खायची मुभा. कारखानी अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि त्यांचं वजन सरासरी ०.९ किलो वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच घटलं. त्या साध्या अन्नात धान्यंही होती. पॅलिओ सुरू करणारा माणूस त्याच दिवशी बिस्किटं, फरसाण, शीतपेयं, मैदा, साखर बंद करतो आणि भाज्या दुप्पट खातो. फायदा याचा असतो. श्रेय मात्र डाळ-भाकरी सोडण्याला मिळतं.

म्हणूनच ‘पॅलिओ’ छापलेल्या पाकिटांचा प्रश्न गंभीर वाटतो. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे पहिले चार वाचले तरी पुरतं. बहुधा बदामपीठ, टॅपिओका स्टार्च, कोकोनट शुगर आणि खजुराचा पाक दिसेल. टॅपिओका स्टार्च म्हणजे ज्यापासून साबुदाणा होतो तेच पिष्ट, प्रथिनं जवळपास शून्य. कोकोनट शुगरमध्ये ७० टक्क्यांहून जास्त सुक्रोज, म्हणजे आपली साखरच. बदामपिठाची गंमत वेगळी. अख्खे बदाम चावून खाल्ले तर पेशींच्या भिंती पूर्ण फुटत नाहीत आणि काही चरबी शोषली न जाताच बाहेर पडते. २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून हिशेबाने १७० कॅलरी यायला हव्यात, प्रत्यक्षात मोजल्या तेव्हा १२९ च्या आसपास भरल्या. बदाम जितका बारीक दळाल तितकी ही सूट नाहीशी होते. १०० ग्रॅम पिठाला ८० च्या आसपास बदाम लागतात. पिठाच्या रूपात ते नकळत पोटात जातात, तेवढे एका बैठकीत चावून खाणं अवघड.

भारतात ‘नॅचरल’ शब्द पाकिटावर कधी छापता येतो याचेही नियम आहेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार तो मुळात एकट्या पदार्थासाठी आहे, ज्यात वरून काही मिसळलेलं नाही आणि भाजणं, वाळवणं, गोठवणं, पाश्चरीकरण यांसारख्या मोजक्याच प्रक्रिया झाल्या आहेत. या व्याख्येत तूरडाळ आरामात बसते. चार घटकांचं बदाम-बिस्कीट बसत नाही.

ज्यांना तरीही पॅलिओ करूनच बघायचा आहे त्यांनी चार गोष्टी सांभाळाव्यात. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर पिष्ट अचानक तोडल्याने रक्तातली साखर धोकादायकपणे उतरू शकते, म्हणून डोस डॉक्टरांकडून आधी बदलून घ्यावा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर इतकं मांस नको. मुतखड्याची प्रवृत्ती असेल तर पालक-बदामाच्या स्मूदीपासून दूर राहावं, दोन्हीत ऑक्झलेट भरपूर. मीठ घेतलंत तर सैंधव न घेता आयोडीनयुक्त घ्यावं. दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं आणि ५ ग्रॅम आयोडीनयुक्त मिठातून त्यातलं निदान निम्मं मिळतं.

कॅल्शियमचा हिशेब त्याहून अवघड. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. कपभर दुधात साधारण २४० मिळतं आणि त्यातलं तीसेक टक्के शोषलं जातं. पालकात कॅल्शियम दिसतं खूप, पण ऑक्झलेटमुळे त्यातलं पाचेक टक्केच अंगी लागतं. दूध सोडायचं तर मांदेली काट्यासकट, जवळा कवचासकट, अशी अख्खी खायची मासळी नियमित हवी. शाकाहारी माणसाने दूध आणि डाळ दोन्ही सोडली तर प्रथिनांसाठी हातात फक्त सुका मेवा उरतो. एकट्या बदामांतून ६० ग्रॅम प्रथिनं मिळवायची तर ३०० ग्रॅम बदाम, म्हणजे पाकिटावरच्या हिशेबाने १७०० च्या पुढे कॅलरी. हा आहार शाकाहारी घरात चालूच शकत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं.

याच्याशेजारी नाचणी ठेवून बघा. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, फक्त फायटिक आम्ल मोडावं लागतं. एका माणसाच्या आंबिलीसाठी तीन चमचे नाचणीचं पीठ पाऊण कप पाण्यात कालवून, त्यात चमचाभर ताक घालून रात्रभर झाकून ठेवा. उन्हाळ्यात आठ तास पुरतात, थंडीत बारा लागतात. किंचित आंबूस वास आला की आंबलं. सकाळी एक कप पाणी उकळून त्यात हे मिश्रण ओतत सतत हलवा, नाहीतर गुठळ्या होतात. मंद आचेवर सात-आठ मिनिटं, कच्चा वास जाऊन चकाकी येईपर्यंत शिजवा. पूर्ण निवल्यावर वाटीभर ताक, मीठ, ठेचलेला लसूण घाला. गरम असताना ताक घातलं तर फाटतं.